शाळकरी निबंधाचे दिवस : १८४८ ते १८५६

मराठी निबंधाचा इतिहास शिकवताना आपण बहुधा दोन ठिकाणांहून सुरुवात करतो. एक म्हणजे लोकहितवादींची शतपत्रे. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रात ती १८४८ पासून येऊ लागली. दुसरे ठिकाण म्हणजे १८७४ साली निघालेली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला'. पाठ्यपुस्तकांच्या सोयीसाठी ही मांडणी ठीक आहे. पण तिच्यामुळे एक गोष्ट नजरेआड होते. मराठीत निबंध हा प्रकार रुजला तो काही केवळ पत्रकर्त्यांच्या आणि शास्त्र्यांच्या बैठकीवर नव्हे. तो पुष्कळ अंशी शाळेत आणि विद्यार्थ्यांच्या सभांत रुजला. शिकणाऱ्याने एखाद्या विषयावर विचार करावा, तो लिहून काढावा आणि चारचौघांपुढे वाचावा, हा त्या काळच्या नव्या विद्यार्थिजीवनाचा एक ठळक उपक्रम होता. या उपक्रमाच्या दोन जागा येथे पाहायच्या आहेत. एक मुंबईची, दुसरी पुण्याची. दोन्हींचा आरंभ १८४८ या एकाच वर्षी झाला, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

मुंबईची जागा म्हणजे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन. मुंबई विद्यापीठ स्थापन व्हायला, म्हणजे १८५७ उजाडायला, अजून अवकाश होता. शाळा आणि कॉलेज यांच्यातली सीमारेषाही आजच्याइतकी स्पष्ट नव्हती; एकाच संस्थेत मुले आणि तरुण दोघेही शिकत. बाळशास्त्री जांभेकर याच परंपरेतले अध्यापक. १८४६ मध्ये ते अकाली गेले, पण त्यांनी लावलेली ज्ञानप्रसाराची गोडी मागे राहिली. १८४८ च्या जून महिन्यात या संस्थेतील विद्यार्थी आणि नुकतेच बाहेर पडलेले तरुण यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या पुढाकाराने 'स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. देशी भाषांत काम करण्यासाठी तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखा ती उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तिचे पहिले अध्यक्ष झाले. १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागले आणि पुढे १८६७ पर्यंत चालले.

सभेची रीत साधी होती. ठरल्या दिवशी जमायचे, एकाने निबंध वाचायचा, मग इतरांनी त्यावर बोलायचे. आपल्या आजच्या साहित्यचर्चेचा साचा इथेच घडताना दिसतो. 'मुंबईचे वर्णन' लिहिणारे गोविंद नारायण माडगांवकर हे या सभेच्या परिवारातले. स्वच्छता, कर्ज, सचोटी असे जगण्याशी थेट निगडित विषय त्यांनी निबंधासाठी निवडले. या निबंधांची भाषा समजावणीची आहे. लिहिणारा जाणता आहे, ऐकणाऱ्याला ते अजून कळायचे आहे, आणि कळले की तो सुधारेल, अशी एक गृहीत श्रद्धा तिच्यामागे आहे. 'उपयुक्त' हा शब्द सभेच्या नावात आला तो उगाच नाही.

या निबंधवाचनाची एक परिणती मात्र कागदाबाहेरची होती. स्त्रीशिक्षणावर सभेत निबंध वाचले गेले, चर्चा झाली, आणि केवळ चर्चा करून थांबणे या तरुणांना पटेना. १८४९ च्या ऑक्टोबरात त्यांनी मुलींच्या शाळा उघडल्या. ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली, एवढा आरंभीचा पट. शिकवायला वेगळे शिक्षक नव्हते. सभेचे सभासदच आपल्या मोकळ्या वेळात विनावेतन शिकवीत. दादाभाई नौरोजी त्यांतले एक. तेव्हा ते चोविशीतले होते आणि प्राध्यापकपद अजून काही वर्षे दूर होते. जगन्नाथ शंकरशेट, भाऊ दाजी लाड यांच्यासारख्यांनी या उद्योगाला आधार दिला. निबंध वाचणारा विद्यार्थी सकाळी मुलींना मुळाक्षरे शिकवायला बसतो, हे दृश्य आपल्या वाङ्मयेतिहासात यायला हवे. विचार लिहिणे आणि त्यासाठी स्वतःचा वेळ खर्ची घालणे या दोन गोष्टी तेव्हा एकमेकींपासून फारशा दूर नव्हत्या.

सभेला तिच्या मर्यादाही होत्या. धर्म आणि राज्यकारभार यांविषयीचे वाद तिने आपल्या कामकाजापासून दूर ठेवले. यात शहाणपण होते. निरनिराळ्या जातिधर्मांचे तरुण एकत्र बसायचे, तर भांडणाचे विषय बाजूला ठेवणे भागच होते. पण या शहाणपणाची किंमतही होती. ज्याच्या जगण्याचा प्रश्न धर्माच्या आणि सत्तेच्याच पोटात दडलेला आहे, त्याने अशा सभेत कोणत्या विषयावर निबंध वाचावा? हा प्रश्न सभेला पडला नाही, कारण तसा माणूस सभेत आलाच नाही.

तो माणूस पुण्यात होता. खरे तर ती एक मुलगी होती.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. विरोध झाला, घर सोडावे लागले, शाळा थांबली. पण १८५१ आणि १८५२ मध्ये पुन्हा शाळा उभ्या राहिल्या. महार, मांग आदी जातींच्या मुलांमुलींसाठीही शाळा निघाल्या. मुंबईत सभासदांची बैठक होती, तर पुण्यात होती ती जाहीर परीक्षा. त्या काळी शाळेची परीक्षा बंद खोलीत होत नसे. पाहुणे जमत, अधिकारी येत, मुलांना वाचायला, लिहायला, उत्तरे द्यायला सर्वांसमोर उभे केले जाई. १८५३ च्या फेब्रुवारीत तीन शाळांतील २३७ मुलींची अशी परीक्षा पुण्यात झाली आणि ती पाहायला मोठा जमाव लोटला. ज्या शहरात मुलीने अक्षर गिरवणे हेच पाप मानले जाई, त्या शहरात तिने जमावापुढे उभे राहून वाचून दाखवणे ही केवळ परीक्षा नव्हती. विद्यार्थिनीचा आवाज सार्वजनिक जागेत ऐकू येण्याची ती सुरुवात होती.

या शाळेत तीन वर्षे शिकलेल्या, सुमारे चौदा वर्षांच्या, मांग जातीच्या मुक्ताबाई या विद्यार्थिनीने एक निबंध लिहिला. आज आपण तिला मुक्ता साळवे म्हणून ओळखतो. विषय होता मांग-महारांचे दुःख. अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्राने तो १८५५ मध्ये, १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत छापला.

हा निबंध हाती घेतल्यावर प्रथम जाणवते ती त्याची तर्कपद्धती. मुक्ता वेदांच्या अधिकारापासून सुरुवात करते. वेद ही ब्राह्मणांचीच मालमत्ता असेल, इतरांनी ते पाहणेही दोषाचे असेल, तर वेदांप्रमाणे वागण्याची जबाबदारी इतरांवर येते कशी? ग्रंथ नाही तर धर्म नाही. म्हणजे आम्ही धर्मरहितच ठरतो, असा निष्कर्ष ती काढते, आणि मग थेट देवालाच विचारते की आमचा धर्म कोणता ते तूच सांग. एकाने भोगावे आणि बाकीच्यांनी वंचित राहावे असे सांगणारा धर्म भूमीवरून नाहीसा व्हावा, इथवर ती येते. पूर्वपक्ष घ्यायचा, त्याचे टोक दाखवायचे आणि त्याच्याच शस्त्राने त्याला निरुत्तर करायचे, ही शास्त्रार्थाची रीत आहे. ज्या विद्येपासून तिला दूर ठेवले, तिचीच रीत तिने शाळेच्या तीन वर्षांत आत्मसात केली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे तिचा पुरावा. तिच्यापाशी ग्रंथ नाहीत; वाडवडिलांनी सांगितलेल्या आठवणी आहेत. इमारतीच्या पायात तेल-शेंदूर पाजून माणसे पुरली जात. पेशवाईत तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांग-महाराचे शिर कापून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू केला जाई. जमिनी हिसकावून घेतल्या जात. पेशवाई संपून तेव्हा चाळीस वर्षेही झाली नव्हती. हे सारे पाहिलेली माणसे घराघरांत जिवंत होती. ज्या काळाच्या वैभवाची वर्णने पुढे बखरींच्या आधाराने रंगवली गेली, त्याच काळाची ही दुसरी बाजू एका शाळकरी मुलीच्या वहीत उतरली. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांच्या हालांविषयीही ती लिहिते. माडगांवकरांच्या निबंधात 'लोक' असतात. मुक्ताच्या निबंधात 'आम्ही' असतो. समजावणीच्या भाषेला इथे साक्षीचे रूप येते. आणि शेवटी ती आपल्याच माणसांकडे वळते. अज्ञान हा रोग आहे, विद्या हे त्यावरचे औषध आहे, ते घ्या, असे कळकळीने सांगते.

अशा निबंधाविषयी एक शंका हमखास घेतली जाते. चौदा वर्षांच्या मुलीला हे सुचेल का? हा हात गुरुजींचाच नसेल कशावरून? शंका घेणे गैर नाही, पण तारखा नीट पाहाव्यात. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ चा. मुक्ताचा निबंध १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमधला. जोतीरावांचे 'तृतीय रत्न' हे नाटक त्याच १८५५ सालचे. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले आणि ते छापून यायला १९७९ उजाडले. 'गुलामगिरी' तर १८७३ ची. म्हणजे मुक्ताने ज्यांचे अनुकरण करावे असे जोतीरावांचे छापील गद्य तेव्हा अस्तित्वातच नव्हते. शाळेत चालणाऱ्या बोलण्याचा प्रभाव तिच्यावर असणारच. शाळा असते ती त्यासाठीच. पण त्या बोलण्यात घरातल्या आठवणींची भर कोणी घातली असेल? गुलटेकडीची गोष्ट शिक्षकाने विद्यार्थिनीला सांगितली असे धरण्यापेक्षा, विद्यार्थ्यांच्या घरांतून ती शाळेत आली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. शिक्षक, शिक्षिका आणि विद्यार्थिनी असे तिघेही दोन वर्षांच्या आत लिहिते झाले. गुरूने दिले आणि शिष्येने घेतले, एवढ्याने या शाळेचे वर्णन पुरे होत नाही.

या निबंधाचे मोल कळायला पुढच्याच वर्षाची एक घटना पाहावी. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. प्रवेश नाकारला गेला, प्रकरण मुंबई सरकारपर्यंत पोहोचले, आणि सरकारनेही एका मुलासाठी इतर सर्वांना दुखवायचे नाही अशीच भूमिका घेतली. मुक्ताने इंग्रजी राज्याविषयी आपल्या निबंधात कृतज्ञता व्यक्त केली होती. ज्यांची शिरे सुरक्षित झाली, त्यांनी तसे वाटून घेणे स्वाभाविक होते. पण त्याच राज्याची शाळा तिच्यासारख्यांना दार उघडायला तयार नव्हती. मुक्ताला शिकता आले ते सरकारच्या शाळेमुळे नव्हे, तर एका दांपत्याने स्वतःच्या हिमतीवर चालवलेल्या शाळेमुळे. ती शाळा नसती तर हा निबंधही नसता.

पुढे निबंध मोठा झाला. 'शालापत्रका'तून लिहू लागलेल्या विष्णुशास्त्र्यांनी 'निबंधमाले'त त्याला प्रौढ, डौलदार रूप दिले. त्यांचा मान कोणी नाकारू नये. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढताना हा निबंधकार शाळेकडेच परतला, हेही अर्थपूर्ण आहे. परंतु याच 'माले'त जोतीरावांच्या लेखनाची त्यांच्या व्याकरणावरून थट्टा झाली, आणि शुद्ध भाषा कोणाची, निबंध लिहिण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नांची उत्तरे दीर्घकाळ त्या थट्टेच्या सुरात दिली गेली. मुक्ताचा एकच निबंध आपल्यापर्यंत पोहोचला. १९९१ मध्ये सूझी थारू आणि के. ललिता यांनी संपादित केलेल्या भारतीय स्त्रीलेखनाच्या इंग्रजी संकलनात त्याला स्थान मिळाले. मराठीच्या वर्गात मात्र तो अजूनही बहुधा दलित साहित्याच्या किंवा स्त्रीलेखनाच्या प्रकरणात पूर्वपीठिका म्हणून येतो. निबंधाच्या प्रकरणात निबंध म्हणून येत नाही.

हा केवळ वर्गवारीचा प्रश्न नाही. निबंध हा शब्द उच्चारला की आज आपल्या विद्यार्थ्यासमोर काय उभे राहते? मार्गदर्शक पुस्तकातून पाठ केलेले परिच्छेद, ठरलेला आरंभ, ठरलेला समारोप आणि परीक्षेतले काही गुण. आपण शिक्षक मंडळीही शुद्धलेखनाच्या चुकांखाली रेघा ओढून वही परत करतो. १८५५ च्या त्या वहीवर अशाच रेघा ओढल्या गेल्या असत्या तर? कोणीतरी ती वही वाचली, ती छापण्याजोगी आहे असे त्याला वाटले, आणि पत्राच्या संपादकांनी तिला दोन अंक दिले. विद्यार्थिनीला सांगण्यासारखे काही असू शकते, यावर त्या लोकांचा विश्वास होता. मुंबईच्या सभेतल्या तरुणांनी निबंध वाचून शाळा उघडली; पुण्याच्या शाळेतल्या मुलीने शाळेत जाऊन निबंध लिहिला. या दोन गोष्टी शेजारी ठेवून शिकवल्या, तर निबंध म्हणजे काय याची व्याख्या वेगळी सांगावी लागणार नाही.