ग्रंथिक सन्निपातापासून प्रथिनापर्यंत

ज्या रोगाला आज आपण प्लेग म्हणतो, त्याला आपल्या पणजोबांच्या काळी मराठीत 'ग्रंथिक सन्निपात' असे भारदस्त नाव होते. खेड्यापाड्यांत तोच 'गाठीचा ताप' होता. आमच्या परभणी भागातील जुनी माणसे 'उंदीर पडले' एवढेच म्हणत आणि ऐकणाऱ्याला पुढचे सारे कळे. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव ओस पडे, लोक शिवारात झोपड्या घालून राहात आणि रोगाचा जोर ओसरल्यावरच माघारी येत. उंदराचा आणि या तापाचा काहीतरी संबंध आहे, हे शास्त्राने सिद्ध करण्याआधी गावकऱ्यांनी अनुभवाने ताडले होते.

'ग्रंथिक सन्निपात' या नावात रोगाची दोन लक्षणे आहेत. ग्रंथी म्हणजे जांघेत, काखेत किंवा मानेवर येणारी गाठ. सन्निपात म्हणजे वात, पित्त व कफ हे तिन्ही दोष एकदम बिघडून येणारा ताप. त्यात रोग्याचे भान सुटते, तो बरळतो, माणसे ओळखत नाही, अंथरुणातून उठून पळू पाहतो. पाश्चात्त्य वैद्यकात या भ्रमाला जे नाव आहे ते लॅटिन 'डेलिरारे' या क्रियापदावरून आले. 'लिरा' म्हणजे नांगराचे तास आणि 'डेलिरारे' म्हणजे तास सोडून भरकटणे. ज्याने काळ्या रानात औत धरले आहे त्याला या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. सरळ चाललेले मन अचानक तास सोडते, तेव्हा आत काहीतरी मोठे बिघडलेले असते.

परंतु सन्निपात अनेक रोगांत होतो. विषमज्वरात होतो, मेंदूला भिडलेल्या हिवतापात होतो, फुप्फुसाच्या दाहातही होतो. नुसत्या बरळण्यावरून रोगाचे नाव सांगता येत नाही. प्लेगच्या रोग्याचे मात्र आणखी काही विशेष होते. डोळे तांबारलेले, जीभ जड, बोलणे अडखळते आणि चाल झोकांड्या खाणारी. परक्याला वाटे, हा मनुष्य पिऊन आला आहे; घरच्यांना वाटे, काही बाहेरची बाधा झाली आहे. कोणी मांत्रिक आणी, कोणी त्याला बांधून ठेवी, आणि दोन-चार दिवसांत सारे संपे. म्हणून या रोगाच्या शास्त्रीय इतिहासाचा आरंभ प्रयोगशाळेत नव्हे, रोग्याच्या खाटेपाशी झाला. तो आरंभ पाहण्यासाठी आपल्याला मुंबईच्या मांडवी भागात जावे लागेल.

मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची दाट वस्ती. तेथे १८९६च्या सप्टेंबरात माणसे तापाने झपाट्याने मरू लागली. त्या भागात डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस वैद्यकी करीत होते. ते मूळचे गोव्यातील हडफड्याचे कॅथॉलिक. १८५६ साली जन्मलेले, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि महापालिकेचे सभासद. त्यांनी ताप पाहिला, भ्रम पाहिला, गाठी पाहिल्या आणि तिन्हींची सांगड घातली. २३ सप्टेंबर रोजी त्यांनी महापालिकेच्या स्थायी समितीत हा प्लेग आहे असे उघड सांगितले.

हे सांगणे सोपे नव्हते. 'प्लेग' हा शब्द उच्चारताच परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना दारे लावणार, व्यापार बुडणार, हे सर्वांना ठाऊक होते. आरंभी सरकारी भाषा संशयाची व सावधपणाची होती. पण पुढील तपासात व्हिएगस यांचे निदान खरे ठरले. साडेआठ लाखांच्या मुंबईतील जवळजवळ निम्मी माणसे पुढील काही महिन्यांत शहर सोडून गेली. व्हिएगस मागे राहिले. वस्त्यांच्या स्वच्छतेसाठी आणि लस टोचण्यासाठी त्यांनी कष्ट घेतले. १९०६ साली ते महापालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९३३ साली निवर्तले. धोबी तलावाजवळ, मेट्रो चित्रपटगृहापाशी त्यांचा पुतळा आहे. त्याच शहरात वांद्रे, गिरगाव येथील ख्रिस्ती वस्त्यांतून जे जुने क्रूस दिसतात त्यांपैकी अनेक त्या साथीच्या काळात उभारलेले आहेत. आपल्यापैकी मुंबईला जाणाऱ्यांनी ते क्रूस पाहिले असतील. ते कशासाठी उभे राहिले हे मात्र नव्या पिढीला सांगितले पाहिजे.

रोगाचे जंतू दोन वर्षांपूर्वीच, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये अलेक्सांद्र येर्सँ या शास्त्रज्ञाने शोधले होते. आता हवी होती लस. रशियन साम्राज्यात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन हे १८९६च्या ऑक्टोबरात मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत, हाताशी मोजकी माणसे घेऊन त्यांनी काम सुरू केले. प्लेगचे जंतू मांसरसात वाढवून, उष्णतेने मारून त्यांची लस करण्यात आली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तेथील स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. लस न घेतलेल्यांत १२ जणांस प्लेग झाला व ६ दगावले. घेतलेल्यांत २ जणांस लागण झाली, परंतु एकही दगावला नाही.

त्याच वेळी पुण्यात काय चालले होते, तेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीचे गोरे शिपाई रोगी हुडकण्यासाठी घराघरांत शिरत, देवघरे व माजघरे धुंडाळीत, संशयितांना ओढून नेत. त्या जाचाचा शेवट २२ जून १८९७च्या रात्री रँडवरील गोळीबारात झाला. आणि त्याच पुण्यात, हडपसरजवळच्या माळावर सावित्रीबाई फुले यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा केली. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे सांगतात. त्यांना स्वतःस प्लेग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोगी शोधायचा होता तो दोघांनाही. एकाने दार लाथाडून शोधला, दुसरीने हात पुढे करून. लोकांनी रोगी कोणापासून लपवला हे इतिहासाला ठाऊक आहे.

पुढचा प्रवास सरळ नव्हता. १८९८ साली कराची येथे पॉल-लुई सिमों यांनी उंदरावरील पिसू हीच रोगाची वाहक असल्याचे दाखवून दिले; परंतु ते सर्वमान्य होण्यास काही वर्षे गेली आणि त्याची भक्कम पुष्टी परळच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी केली. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात आली होती. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल या गावी लस टोचलेल्या १९ माणसांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दोष प्रयोगशाळेचा ठरवून हाफकिन यांना दूर करण्यात आले. त्यांच्यावरील कलंक पुसला जाण्यास १९०७ साल उजाडले. संस्थेला त्यांचे नाव १९२५ साली देण्यात आले. सव्वीस वर्षे एकाच छपराखाली चाललेल्या कामाला तोवर स्वतःची परंपरा लाभली होती. १९३२ साली साहिबसिंग सोखी हे तेथील पहिले भारतीय संचालक झाले आणि लस अधिक चांगली करण्याचे काम पुढे गेले. तरीही १८९६नंतरच्या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात या रोगाने एक कोटीहून अधिक माणसे नेली.

आता प्रश्न असा होता की, मेलेल्या जंतूंची लस टोचली असता शरीर नेमके कशाला ओळखते? संपूर्ण जंतूला, की त्याच्या एखाद्या अंगाला? याचे उत्तर प्रथिनांच्या अभ्यासातून आले. प्लेगचा जंतू पिसवाच्या थंड शरीरात असतो तेव्हा जवळजवळ उघडा असतो. माणसाच्या ३७ अंशांच्या ऊबेत आला की तो स्वतःभोवती एक चिकट आवरण विणू लागतो. या आवरणामुळे आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींना त्याला गिळणे कठीण जाते. हे आवरण एका प्रथिनाचे असते. १९५२ साली अमेरिकेतील सान फ्रान्सिस्को येथे कार्ल मायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि त्याला 'एफ-१', म्हणजे पहिला अंश, असे साधे नाव दिले. २००३ साली त्याची रचना उलगडली. ते म्हणजे कड्यांची एक लांब साखळी आहे. प्रत्येक कडी घडणीतच अपुरी असते आणि शेजारची कडी आपला एक पदर तिच्यात ओवून ती उणीव भरून काढते. मांडवीच्या खोलीत दिव्याच्या उजेडात पाहिलेल्या रोगाचा शोध असा अणुरेणूंपर्यंत पोहोचला.

याचा उपयोग झाला. रोग्याच्या रक्तात एफ-१विरुद्ध तयार झालेली द्रव्ये सापडली तर प्लेग होऊन गेल्याचा पुरावा मिळू लागला. गाठीतील पाण्यात किंवा थुंकीत हे प्रथिन आहे की नाही हे पंधरा मिनिटांत दाखवणारी कागदी पट्टी मादागास्करच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केली. जेथे वीज नाही, सूक्ष्मदर्शक नाही, तेथेही ती चालते.

या सर्व ज्ञानाची परीक्षा आमच्या शेजारीच झाली. १९६६नंतर भारतात माणसांतील प्लेगची नोंद नव्हती. रोग संपला असेच सर्वांनी धरले होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. हादरलेल्या घरांत साठवून ठेवलेल्या धान्यावर उंदीर माजले असावेत, असे कारण पुढे जाणकारांनी दिले. १९९४च्या ऑगस्टमध्ये परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातील मामला या गावी तापाचे व गाठींचे रोगी आढळले. आधी पिसवांचा उपद्रव झाला होता, उंदीर पडले होते. गावातल्या म्हाताऱ्यांना त्याचा अर्थ कळत होता. पण ज्यांनी प्लेगचा एकही रोगी आयुष्यात पाहिला नव्हता अशा पिढीच्या हाती आता औषधोपचार होता. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग उद्भवला. लाखो लोक पळाले आणि त्यांत खासगी वैद्यकी करणारेही पुष्कळ होते. देशभर पन्नासच्या वर मृत्यूंची नोंद झाली. जगाने भारताची विमाने अडवली, माल नाकारला.

बीडच्या रोग्यांच्या रक्तात एफ-१विरुद्ध द्रव्ये सापडली. तरीही हा प्लेगच होता की नव्हे, यावर विद्वानांचा वाद दीर्घकाळ चालला, कारण रोग्यांपासून जंतू वेळेवर व पुरेसे मिळवून वाढवले गेले नव्हते. हैदराबादच्या संशोधकांनी २००० साली जनुकांच्या तपासणीवरून तो प्लेगचाच जंतू असल्याचे सांगितले. १८९६ साली व्हिएगस यांच्यापाशी यांपैकी एकही साधन नव्हते, तरी नाव ठरण्यास काही दिवसच लागले. १९९४ साली साधने होती. खाटेपाशी रोग ओळखण्याची सवय मोडली होती.

प्रयोगशाळेला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. स्ट्रेप्टोमायसीनसारखी औषधे प्रयोगशाळेतूनच आली आणि ज्या रोगात निम्म्याहून अधिक रोगी दगावत, त्यात आता वेळेवर उपचार झाल्यास बहुतेक वाचतात. पण 'वेळेवर' हा शब्द प्रयोगशाळेच्या हातचा नाही. शास्त्रज्ञांनाच असे आढळले आहे की एफ-१चे आवरण नसलेले प्लेगचे जंतूही असतात व तेही जीव घेऊ शकतात. केवळ त्या प्रथिनाची वाट पाहणारी कसोटी अशा वेळी गप्प राहील. रोग्याकडे पाहणारा मनुष्य गप्प राहता कामा नये.

हा विचार केवळ प्लेगपुरता नाही. आज आपल्या कुटुंबांत प्लेगचा सन्निपात कोणी पाहत नाही. परंतु तापाने, मूत्रमार्गाच्या विकाराने, शस्त्रक्रियेनंतर किंवा औषधांच्या परिणामाने अचानक भ्रमिष्ट झालेली वृद्ध माणसे घरोघर दिसतात. आता असे समजले आहे की रोगाशी लढताना शरीर स्वतःच काही निरोप्या प्रथिने मोठ्या प्रमाणात सोडते आणि त्यांचा परिणाम मेंदूवर होतो. १९९० साली अमेरिकेतील शॅरन इनोये या डॉक्टरांनी हा भ्रम ओळखण्याच्या चार खुणा मांडल्या: बदल अचानक झालेला व कमीजास्त होणारा, लक्ष न टिकणे, विचारांची विस्कळीतता आणि जागेपणात फरक. यांतील पहिल्या खुणेला कोणतेही यंत्र लागत नाही. काल संध्याकाळी आजोबा कसे बोलत होते, हे घरच्यांनाच ठाऊक असते. पण आपण 'वय झाले' म्हणून सोडून देतो, काही ठिकाणी अजून 'बाधा' म्हणतो, आणि मोलाचे दोन दिवस निघून जातात.

आजाऱ्याची भेट घेणे हे आपण दयेचे कृत्य मानतो. त्या भेटीत नीट पाहणे आणि पाहिलेले डॉक्टरांना सांगणे, हाही त्या कृत्याचाच भाग समजावा. ज्याचे मन तास सोडून भरकटले आहे, तो स्वतःहून मदत मागू शकत नाही. त्याच्या वतीने बोलणारे कोणीतरी खाटेपाशी असावे लागते.