कुलुपबंद पोथ्या

लेखनाला कुलूप घालण्याची कल्पना संगणकाच्या युगांत जन्मली, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः महाराष्ट्रांत ती सहाशें वर्षांहून जुनी आहे.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांत श्रीरामपूर तालुक्यांत गोदावरीच्या कांठीं कमालपूर हें लहानसें गांव आहे. महानुभावांच्या ग्रंथांतील डोमेग्राम तें हेंच. तेराव्या शतकांत श्रीचक्रधरस्वामींचा येथें मुक्काम झाला, म्हणून पंथास हें स्थान आजहि वंद्य आहे. स्वामींच्या लीळा म्हाइंभटांनीं मोठ्या कष्टानें संग्रहित केल्या. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ 'लीळाचरित्र' तो हाच. पंथीय परंपरेप्रमाणें पुढें परचक्राच्या धामधुमींत मूळ प्रत नाहींशी झाली आणि स्मरणावरून पाठ पुन्हां सिद्ध करावे लागले.

चौदाव्या शतकांत रवळोबासांनीं सकळ लिपि रचिली. नेहमींच्या अक्षराऐवजीं ठरलेलें दुसरें अक्षर किंवा चिन्ह लिहावयाचें, इतकीच तिची युक्ति. भाषा मराठीच, परंतु किल्ली गुरुमुखावांचून मिळत नसे. अशा आणखीहि कित्येक लिपि पंथांत निर्माण झाल्या. पोथ्या सुरक्षित राहिल्या खऱ्या. पण त्यांची किंमतहि पंथाला द्यावी लागली. ज्यांचे ग्रंथ वाचतां येत नाहींत, त्यांच्याविषयीं कोणींहि कांहींहि बोलावें! गैरसमज वाढले, आणि मराठीचें आद्य गद्य मराठी वाचकांसच अपरिचित राहिलें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं तें कुलूप दोन वाटांनीं उघडलें. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं सकळ लिपीची उकल बुद्धिबळानें केली, तर वि. ल. भावे यांना महंतांनीं विश्वासानें किल्ली दिली. १९३६-३७ च्या सुमारास ह. ना. नेने यांनीं लीळाचरित्र छापून प्रसिद्ध केलें.

आज हाच प्रश्न सॉफ्टवेअरच्या रूपानें उभा आहे. परवान्याचा क्रमांक किंवा यंत्रास जोडावयाची लहानशी किल्ली, हीं आजचीं कुलुपें. आणि तीं फोडून चोरट्या प्रती वाटणारेहि आहेत. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यांत १९८४ सालीं संगणकीय आज्ञावलींचा स्पष्ट समावेश झाला. १९९४ च्या दुरुस्तीनें चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली. हक्कभंगाच्या हेतूनें कुलूप फोडणें हाच २०१२ सालीं स्वतंत्र गुन्हा ठरला. मात्र रीतसर मिळविलेल्या प्रतीवर गूढलेखनाचें संशोधन करण्यास त्याच कलमानें मोकळीक ठेविली.

हा भेद विचार करण्याजोगा आहे. राजवाड्यांच्या उकलीनें कोणाच्या ताटांतली भाकरी गेली नाहीं. उलट एका पंथाला न्याय मिळाला. चोरटी प्रत घेणारा मात्र जिवंत कारागिराच्या मजुरीवर हात टाकतो. तथापि कुलूप घालणारानेंहि एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. किल्ली जाणणारा शेवटचा मनुष्य गेला, म्हणजे जपलेली आणि हरवलेली वस्तु यांत कांहींच अंतर उरत नाहीं. सकळ लिपीची किल्ली महंतांनीं पिढ्यान्‌पिढ्या जतन केली आणि योग्य वेळीं योग्य हातीं सोंपविली, हा त्यांचा मराठीवर मोठाच उपकार होय.