सोबत सोडताना

मोबाइलवर एखाद्याला ‘अनफॉलो’ करायला एक बोट पुरते. समोरच्याला पत्ताही लागत नाही. निवडणुकीच्या दिवसांत आमच्या महागावातही कित्येकांनी जुन्या मित्रांच्या पोस्ट अशा गुपचूप बंद केल्या. रोज सकाळी कडवट मजकूर वाचण्यापेक्षा ते बरे, असे मलाही वाटते. पण नेमके काय खटकले, ते सांगायचे राहून जाते. अशा वेळी मला आमच्या जिल्ह्यातले लोकनायक बापूजी अणे आठवतात.

१८८० साली वणीत जन्मलेले अणे यवतमाळला वकिली करीत. लोकमान्य टिळकांचे ते निष्ठावंत अनुयायी. पुढे गांधीयुग आले. १९३० च्या जुलैत अण्यांनी इथून जवळच्या पुसदला राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला, तुरुंगात गेले. १९३३ साली ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्षही झाले.

आणि पुढच्याच वर्षी त्यांनी वेगळी वाट धरली. कारण होते जातीय निवाडा. ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी १९३२ साली जाहीर केलेल्या या निवाड्यात मुसलमान, शीख वगैरेंना स्वतंत्र मतदारसंघ होते. काँग्रेसने तो स्वीकारलाही नाही, नाकारलाही नाही. हे अधांतरी राहणे अण्यांना पटेना. पंडित मदनमोहन मालवीय आणि ते संसदीय मंडळातून बाहेर पडले आणि त्यांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. त्याच वर्षी अणे मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडूनही आले.

मी मुसलमान घरातला. स्वतंत्र मतदारसंघांनी माणसे एकमेकांपासून तुटली, हे मलाही मान्य आहे. तरी अल्पसंख्याकांच्या मनातली धास्ती अण्यांच्या बाजूने पुरती ओळखली होती का, ही शंका उरतेच. पण भांडण कशावरून आहे, हे गांधीजींना ठाऊक होते, मतदारांना ठाऊक होते. म्हणून तर आज नव्वद वर्षांनी मी त्यांच्याशी वाद घालू शकतो!

१९४१ साली अणे थेट व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. गांधीजींपासून याहून लांब कुठे जाणार? ‘चले जाव’नंतर गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. १० फेब्रुवारी १९४३ रोजी त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले. वय ७३. प्रकृती ढासळू लागली, तरी सरकार त्यांना बिनशर्त सोडायला तयार होईना. तेव्हा होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि बापूजी अणे या तिघांनी मंडळाचे राजीनामे दिले. नऊ वर्षांपूर्वी ज्यांची वाट सोडली, त्यांच्या जिवासाठी अण्यांनी खुर्ची सोडली.

टिळकांची सोबत मात्र त्यांनी अखेरपर्यंत धरली. लोकमान्यांच्या चरित्रावर त्यांनी संस्कृतात ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ हे महाकाव्य लिहिले. १९६८ च्या प्रजासत्ताकदिनी अणे गेले. त्या काव्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९७३ साली.