शेळीने टाकलेले झाड : दौलताबादच्या सीताफळाची कुळकथा

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४२च्या सुमारास दौलताबादला येऊन गेला. मुहम्मद तुघलकाने १३२७मध्ये इथे राजधानी आणली, त्यानंतर पंधराएक वर्षांनी. त्याने इथला किल्ला पाहिला, बाजार पाहिला आणि फळांपैकी द्राक्षे व डाळिंबे यांची नोंद केली. ती वर्षातून दोनदा येतात याचे त्याला अप्रूप वाटले. सीताफळाचे नाव त्याच्या वर्णनात नाही. आज नवरात्र लागले की दौलताबादहून वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पाट्याच पाट्या दिसतात, आणि दौलताबाद म्हटले की आधी किल्ला, मग सीताफळ असा क्रम इथल्या माणसाच्या जिभेवर असतो. यादव राजा भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरी, म्हणजे हेच दौलताबाद, वसवली, अल्लाउद्दीन खिलजीने १२९६मध्ये ती लुटली. त्या सगळ्या यादवकाळात या डोंगरावर कोणती झाडे असतील ती असोत, सीताफळ बहुधा नव्हते.

हे झाड मुळात अमेरिकेतले, वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेच्या बाजूचे. रामफळ, लक्ष्मणफळ, हनुमानफळ अशी सगळी भावंडे तिकडचीच. आपल्याकडे येऊन या कुटुंबाने रामायणातली नावे धारण केली आणि इतकी पक्की केली की वनवासात सीतामाईने हेच फळ खाल्ले, असे सांगणारे प्रत्येक डोंगराखाली भेटतात. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ते भारतात आणले, हा बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञांचा कौल. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात डच अधिकारी व्हॅन ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा प्रचंड ग्रंथ काढला, त्यात हे झाड आहे. घाटावर ते कोणत्या वाटेने चढले याचा कागद कुणी ठेवला नाही. पण चौल हे अहमदनगरच्या निजामशाहीचे बंदर होते, त्याला लागून रेवदंड्याला पोर्तुगिजांचे ठाणे होते, आणि दौलताबाद त्याच निजामशाहीचा किल्ला. पुढे मलिक अंबरच्या काळात तर तो राजधानीच झाला. बी कुणाच्या तरी थैलीतून वर आले असणार, एवढे म्हणायला हरकत नाही.

अर्थात हा कौल सर्वांना मान्य नाही. भारहूतच्या स्तूपावरचे पुस्तक १८७९मध्ये काढताना अलेक्झांडर कनिंगहॅमला तिथल्या कोरीवकामात सीताफळ दिसले. इसवी सनापूर्वीच्या शिल्पात हे फळ असेल, तर पोर्तुगीज कशाला हवेत? २००९मध्ये काही भारतीय संशोधकांनी मिर्झापूर जिल्ह्यातल्या टोकवा या पुरातत्त्वीय स्थळावर मिळालेले जळके बी सीताफळाचे असल्याचे मांडले आणि कोलंबसाच्या आधीही समुद्र ओलांडले गेले असावेत असे सुचवले. शिल्पातल्या खवल्याखवल्यांच्या फळाबद्दल मला फारसा भरवसा वाटत नाही. दगडात खवले कोरले की फणस, कमळाचे बोंड आणि सीताफळ एकमेकांची सोंगे घेतात. बियांचा पुरावा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तरी एक प्रश्न उरतोच: दोन-तीन हजार वर्षे हे झाड इथे असते, तर इतके गोड फळ जुन्या निघंटूंना आणि पाकग्रंथांना ठळकपणे दिसले नसते का?

झाड कुठूनही आलेले असो, त्याने हा डोंगर ताब्यात कसा घेतला हा प्रकार मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर शेळीपाशी आहे. सीताफळाचा पाला चुरगळून नाकाशी नेला की उग्र वास येतो. पाल्यात आणि बियांत कीटकांना मारक अशी द्रव्ये आहेत. बियांची पूड केसांत घालून उवा मारण्याचा उपाय घरोघरी ठाऊक आहे (ती पूड डोळ्यांत गेली तर डोळा कायमचा अधू होऊ शकतो, हे मात्र घरोघरी ठाऊक नाही). शेळी बाभळीच्या काट्यातून पाला काढते, बोरीला सोलते, हिवराला सोडत नाही; सीताफळाला तोंड लावत नाही. ज्या डोंगरावर पिढ्यान्पिढ्या शेळ्या-मेंढ्या चरल्या, तिथे धावडा, सालई, अंजन यांची रोपे गुडघाभर होण्याआधीच खुडली गेली आणि सीताफळ, तरवड, रुई, घाणेरी यांना रान मोकळे मिळाले. सीताफळाचे रान पाहून शहरातला माणूस हिरवळीचे कौतुक करतो. वनखात्यातल्या जाणत्या माणसाला तेच रान चराई किती झाली ते सांगते.

कुऱ्हाडीलाही या झाडात रस नाही. लाकूड हलके, खोड वाकडे, फांद्या बोटभर. ना वासा निघतो, ना नांगराचा दांडा. सरपणाला नेले तरी बाभळीसारखा विस्तव धरत नाही. शिवाय तोडले तर बुंध्यातून पुन्हा चार फोक येतात. उन्हाळ्यात पाने गाळून वाळल्यासारखे उभे राहते, त्यामुळे पाण्याची फिकीर नाही. मुरमात, खडकाच्या फटीत, पडक्या भिंतीच्या चुन्यातही रुजते. त्यात बियांचा प्रसार माणसाच्या तोंडून होतो. बी चावायचे नसते, थुंकायचे असते. म्हणून जिथे माणूस बसून खातो तिथे झाड. पायवाटा, पाणवठे, पीर-देवळांचे कट्टे, तटाच्या आतबाहेर पडलेले वाडे. उरलेले काम वानरे आणि पाखरे करतात. किल्ला ओस पडला आणि सीताफळाला दगडमातीचे ढिगारे आयते मिळाले. कनिंगहॅमलाही ठिकठिकाणी रानोमाळ पसरलेली ही झाडे खटकली होती, आणि ती इथलीच असल्याचा एक दाखला त्याने त्यात पाहिला. मला त्यात फक्त खाणाऱ्यांच्या बैठका दिसतात.

मृगाच्या सरी पडल्या की झाड पालवते, हिरवट फुले लोंबू लागतात. फूल आधी मादी असते, मग नर होते; त्यामुळे त्याचे त्यालाच फळ धरता येत नाही, बारीकसे भुंगेरे परागकण नेतात. शेकडा फुलांतून थोडीच फळे धरतात. चारएक महिन्यांनी खवल्यांमधल्या खाचा रुंदावून पिवळसर-पांढऱ्या होतात. याला इथे ‘डोळे उघडले’ म्हणतात. डोळे उघडलेले फळ तोडून गवतात घातले की दोन-तीन दिवसांत पिकते. डोळे न उघडलेले तोडले तर ते पिकत नाही, काळे पडते, दगडासारखे राहते. पिकल्यावर दिवसभरही दम धरत नाही आणि थंडीत ठेवले तर सालच काळवंडते. एवढी नाजूक वेळ पाळायची, तर डोंगरावर शिस्त हवी.

आणि शिस्त कुणाची, हाच या झाडाचा जुना तंटा. बांधावरचे झाड बांधवाल्याचे, यात वाद नाही. डोंगरावरचे झाड कुणी लावलेलेच नाही. पुढे हैदराबादच्या निजामाच्या राज्यात सीताफळाला बाजार मोठा होता. सिकंदराबादेत सीताफळमंडी नावाचा अख्खा मोहल्ला आजही आहे. रानातल्या फळाचा हर्रास करायचा, बागवानाने हंगाम उक्ता घ्यायचा आणि राखणदार बसवायचे, ही रीत महसूल गोळा करणाऱ्याच्या सोयीची. गोफण घेऊन बसलेला राखणदार वानरे हाकतो, पोपट हाकतो आणि पाटी घेऊन आलेल्या बाईलाही हाकतो. हर्रास झाला नाही, तर उलटी गत. डोळे उघडायची वाट पाहणाऱ्याला फळ मिळत नाही. दुसऱ्याने आधीच कच्चे ओरबाडलेले असते. बाजारात काळी पडलेली, ठोकळ फळे भरमसाट दिसली, की तो रानाचा भाग त्या साली बिनधन्याचा होता असे समजावे. गॅरेट हार्डिनने १९६८मध्ये सामाईक कुरणाच्या नाशावर जो गाजलेला निबंध लिहिला, तो या दुसऱ्या गतीचा. एलिनॉर ऑस्ट्रॉमला २००९मध्ये नोबेल मिळाले ते तिसरी वाट दाखवल्याबद्दल: वापरणारे लोकच नियम करतात, पाळतात, मोडणाऱ्याला दंड करतात, आणि सामाईक वस्तू टिकते. अमुक दिवसापर्यंत कुणी हात लावायचा नाही, एवढाच नियम गावाने केला तरी सीताफळाचे निम्मे नुकसान वाचावे.

गंमत म्हणजे त्याच १९६८ साली दिल्लीतल्या राष्ट्रकुल वनपरिषदेत जॅक वेस्टोबीने सामाजिक वनीकरणाची कल्पना मांडली: वन लोकांसाठी, लोकांच्या गरजेचे. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६मध्ये ती उचलून धरली, महाराष्ट्रात १९८२मध्ये तिचे वेगळे खाते झाले. मग गायरानांत आणि रस्त्याकडेला काय लावले? निलगिरी, सुबाभूळ, पुढे गिरिपुष्प. निलगिरी लावण्याचे एक कारण असे की तिला गुरे खात नाहीत, राखण लागत नाही. हाच गुण सीताफळात होता आणि वर दिवाळीला घरात पैसा देण्याचा गुणही होता. तो मात्र बिनपगारी, बिनखात्याचा वनीकरणवाला राहिला; फुकट आलेल्याची किंमत नसते. चराईबंदीने मात्र चित्र बदलू शकते. याच जिल्ह्यातल्या आडगावात विजयअण्णा बोराडे आणि मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने ऐंशीच्या दशकात पाणलोटाचे काम उभे केले, तेव्हा मोकाट चराईला आळा हा त्याचा पायाच होता. शेळी आवरली की गवत येते, इतर झाडांची रोपे जगतात आणि सीताफळाची मक्तेदारी ढिली होते. रान सुधारण्याचा मान ज्याला द्यायचा, त्याचे सीताफळ कमी होणार. हा व्यवहार पाटीवालीला कुणी समजावून सांगितलेला नसतो.

सीताफळ डोंगरावरून शेतात उतरले ते अलीकडे. १९९०मध्ये रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीला अनुदान मिळू लागले, त्यात बोर, चिंच, आवळा यांच्या पंगतीत सीताफळही बसले. अंबाजोगाईच्या संशोधन केंद्रातून धारूर-६ आला, तेलंगणातून बालानगर आला, बार्शीजवळच्या गोरमाळ्याचे शेतकरी नवनाथ कसपटे यांचे ‘गोल्डन’ वाण तर देशभर गेले: फळ मोठे, बिया कमी, टिकाऊपणा जास्त. बीडच्या सीताफळाला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गावरान फळ यांच्यापुढे लहान आणि बियाळ. चवीला मी गावरानच घेईन, पण चवीवर ट्रक भरत नाहीत.

आता एकाच झाडाला तीन कायदे. शेतात असेल तर ते पीक. पुरातत्त्व खात्याच्या हद्दीत, तटाच्या आत असेल तर संरक्षित स्मारकाच्या आवारातले झाड. वनखात्याच्या जमिनीवर असेल तर त्याचे फळ गौण वनोपज. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. पण आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. दौलताबादच्या आसपासच्या डोंगरात पाटी भरणाऱ्या बऱ्याच बाया या दुसऱ्या गटातल्या. हर्रासाच्या जुन्या पावत्यांवर नाव ठेकेदाराचे असणार, वेचणारीचे नव्हे. कायद्याच्या नियमांत मात्र एक सोय आहे. दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. तेव्हा आजेसासू कोणत्या खोऱ्यात वेचायला जात होती, डोळे कधी उघडायचे आणि राखणदार कुठे आडवा यायचा, हे ज्यांना आठवते त्या म्हाताऱ्यांकडून ग्रामसभेने ते या हंगामाच्या आधी लिहून घ्यावे.