आभासी रुळांवरचा माळवा : रेल्वे सिम्युलेटरमधील मार्ग कसा घडतो?

संगणकावर आगगाडी चालविण्याचा छंद आता तीन दशकांचा झाला आहे. जपानमध्ये १९९६ साली 'देन्शा दे गो' हा खेळ आला. २००१ साली मायक्रोसॉफ्टचा 'ट्रेन सिम्युलेटर' आणि ऑस्ट्रेलियातील 'ट्रेन्झ' बाजारात आले आणि या छंदाला जगभर अनुयायी मिळाले. युरोपातील, विशेषतः नेदरलँड्ससारख्या लहान देशांतील, हौशी मंडळी आपापल्या भागातील रेल्वेमार्ग रुळारुळाने संगणकावर उभारत असतात. चेन्नईच्या हायब्रो इंटरॲक्टिव्हने केलेल्या 'इंडियन ट्रेन सिम्युलेटर'मुळे हा प्रकार भारतातील भ्रमणध्वनींवरही पोहोचला. मात्र असा मार्ग घडतो कसा, त्यासाठी कोणती माहिती लागते आणि त्याचा खेळापलीकडे काही उपयोग आहे काय, याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. धार आणि देवास या माळव्यातील दोन जुन्या मराठी संस्थानांचा परिसर उदाहरणादाखल घेऊन ही प्रक्रिया येथे मांडली आहे.

धार, देवास आणि रेल्वे

धार व देवास ही दोन्ही पवार घराण्याची संस्थाने. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली धारच्या किल्ल्यात झाला. देवासची गादी तुकोजी व जिवाजी या बंधूंपासून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी विभागलेली होती. परंतु रेल्वेच्या बाबतीत ही दोन्ही नगरे दीर्घकाळ उपेक्षित राहिली. माळव्यात रेल्वे आली ती इंदूरच्या होळकरांमुळे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली खांडवा ते इंदूर या मार्गासाठी एक कोटी रुपयांचे कर्ज साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर देऊ केले. त्यातून मीटरगेजची 'होळकर स्टेट रेल्वे' उभी राहिली. पुढे ती इंदूरहून निमचकडे जाणाऱ्या सिंधिया रेल्वेशी जोडली जाऊन राजपुताना–माळवा रेल्वेचा भाग बनली.

या मार्गाने धार आणि देवास या दोघांनाही वगळले. १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून आले, तेव्हा त्या नगरात आगगाडी नव्हती. १९४८ साली कुमार गंधर्व प्रकृतीच्या कारणाने मुंबई सोडून देवासला राहावयास गेले, तेव्हाही ती नव्हती. इंदूर–देवास–उज्जैन हा सुमारे ८० किलोमीटरचा ब्रॉडगेज मार्ग १९६०च्या दशकात झाला आणि देवास रेल्वेच्या नकाशावर आले.

धारची प्रतीक्षा याहून लांबली. इंदूरहून पिथमपूर, धार, सरदारपूर, झाबुआ असे जात दाहोदला पोहोचणाऱ्या सुमारे २०५ किलोमीटरच्या मार्गाची पायाभरणी ८ फेब्रुवारी २००८ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाबुआ येथे झाली. त्यानंतरही धारकरांना दीड दशकाहून अधिक काळ गाडीची वाट पाहावी लागली. टिही आणि पिथमपूरच्या दरम्यानचा सुमारे तीन किलोमीटरचा बोगदा हे या मार्गावरील सर्वांत अवघड काम ठरले.

म्हणजे एकाच परिसरात तीन प्रकारचे मार्ग आढळतात : चालू असलेला देवासचा, दीर्घकाळ कागदावर व बांधकामात राहिलेला धारचा, आणि मोडीत निघालेला होळकरांचा मीटरगेज. सिम्युलेटरसाठी मार्ग उभारणाऱ्याला या तिन्हींसाठी तीन वेगळ्या वाटांनी जावे लागते.

भूमी कशी तयार होते

आभासी मार्गाचा पाया म्हणजे भूरूप. मायक्रोसॉफ्टच्या ट्रेन सिम्युलेटरमध्ये आणि त्याच्याच सामग्रीवर चालणाऱ्या 'ओपन रेल्स' या विनामूल्य प्रणालीत भूमी २०४८ मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत विभागलेली असते. प्रत्येक चौकोनात दर आठ मीटरवर एक उंचीबिंदू असतो. इंदूर–दाहोदसारख्या मार्गासाठी केवळ रुळांखालचेच चौकोन शंभराच्या वर जातात. दोन्ही बाजूंचे डोंगर दिसावयाचे असतील, तर ही संख्या कितीतरी पटींनी वाढते.

उंचीची माहिती कोठून मिळवावयाची? भारतासाठी सामान्यतः अमेरिकी अंतराळयानाने फेब्रुवारी २०००मध्ये अकरा दिवसांत रडारने केलेल्या मोजणीचा आधार घेतला जातो. तिच्यात सुमारे ३० मीटरवर एक बिंदू मिळतो. नेदरलँड्समध्ये परिस्थिती वेगळी आहे. त्या देशाचा सुमारे चतुर्थांश भूभाग समुद्रसपाटीच्या खाली असल्याने जमिनीची उंची अचूक मोजणे हा तेथे जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे. विमानातून लेसर किरणांनी केलेल्या मोजणीतून अर्ध्या मीटरवर एक बिंदू, एवढी सूक्ष्म माहिती तेथील सरकार सर्वांना मोफत देते. त्यामुळे डच हौशी मंडळींना बंधारा, कालवा, भराव हे सारे जसेच्या तसे मिळते. माळव्याच्या पठारावर, देवास–उज्जैनसारख्या सपाट प्रदेशात, ३० मीटरची माहितीही चालून जाते. पठाराच्या कडेला, जेथे विंध्याचा उतार सुरू होतो, तेथे मात्र ती अपुरी पडते. तीस मीटरच्या अंतरात घाटातील एखादी खिंड किंवा भराव सहज हरवून जातो आणि रूळ हवेत तरंगू लागतात किंवा डोंगरात घुसतात. तेथे उपग्रहाची छायाचित्रे, जुने नकाशे आणि स्थळपाहणी यांवरच विसंबावे लागते.

रूळ, चढ आणि वळणे

भूमीनंतर रूळ. युरोपातील बहुतेक मार्ग १४३५ मिलिमीटर रुंदीचे, भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे, तर मीटरगेज १००० मिलिमीटरचे. मूळ खेळातील रूळ युरोपीय मापाचे असल्याने भारतीय मार्ग करणाऱ्यांना रूळ, सांधे, फलाट यांची चित्रे नव्याने बनवावी लागतात. फलाट रुळापासून काही इंच दूर राहिला, तरी जाणकाराच्या नजरेला ते खटकते.

खेळाचा खरा कस लागतो तो चढावर. सपाटीवर गाडीचा विरोध दर टनामागे दोन-चार किलोच्या आसपास असतो. १:४० चा चढ लागला की त्यात दर टनामागे २५ किलोची भर पडते. म्हणजे ३०० टनांच्या गाडीसाठी इंजिनाला केवळ चढापोटी साडेसात टन ओढ अधिक द्यावी लागते. म्हणूनच घाटात गाडीच्या मागे ढकलणारे जादा इंजिन, ज्याला रेल्वेच्या भाषेत बँकर म्हणतात, जोडावे लागते. गोमंतकीयांना हे नवे नाही. कॅसलरॉक ते कुळे या ब्रागांझा घाटात चढ १:३७ इतका तीव्र आहे आणि दूधसागराशेजारून मागेपुढे इंजिने लावून चढणारी गाडी आपण पाहत आलो आहोत. मुंबई–पुणे मार्गावरील बोरघाटाचा चढही तेवढाच. महूजवळील पातालपाणी–कालाकुंड हा साडेनऊ किलोमीटरचा टप्पा १:४० च्या चढाचा, चार बोगद्यांचा आणि चोरल नदीच्या दरीकाठाने वळत जाणारा.

चढाचा आकडा मार्गनिर्मात्याने चुकविला, तर सारा खेळ फसतो. १:४० ऐवजी १:५० धरले, तर तीच गाडी बँकरशिवाय चढू शकेल आणि प्रत्यक्षात चालकाला जी कसरत करावी लागे, ती खेळणाऱ्याला कधीच कळणार नाही. उताराचे गणित तर याहून नाजूक. उतरताना ब्रेकची हवा वारंवार सोडून घेतली, तर ती पुन्हा भरण्यास वेळ लागतो, आणि घाटात तेवढा वेळ नसतो.

सिग्नल आणि नियम

मार्गाला जिवंतपणा येतो तो त्याच्या नियमांनी. नेदरलँड्सची रेल्वे १५०० व्होल्ट एकदिश विजेवर चालते. योगायोगाने मुंबई परिसरातही १९२५ पासून अनेक दशके हीच पद्धत होती. त्या देशात ८ जानेवारी १९६२ रोजी हार्मेलेन येथे दाट धुक्यात दोन गाड्यांची टक्कर होऊन ९३ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे 'एटीबी' ही स्वयंचलित गाडी-नियंत्रण यंत्रणा मोठ्या प्रमाणावर बसविण्यात आली. चालकाच्या समोरील फलकावर ४०, ६०, ८०, १३० किंवा १४० यांपैकी अनुज्ञेय वेग दिसतो आणि तो पाळला नाही, तर गाडी आपोआप थांबते. चांगल्या डच सिम्युलेटर मार्गात ही यंत्रणा हुबेहूब उतरविलेली असते. सपाट देशात चढ नाही, म्हणून कौशल्य लागते ते गर्दीच्या मार्गावर सिग्नल व वेळापत्रक सांभाळण्याचे.

भारतातील मीटरगेज मार्गाची शिस्त निराळी होती. एकेरी मार्गावर दोन स्थानकांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असावी, यासाठी यंत्रातून निघालेला लोखंडी गोळा चालकाला दिला जाई. तो गोळा हातात असेल तरच पुढे जाण्याचा अधिकार. वेतासारख्या कड्याला बांधलेल्या पिशवीतून तो धावत्या गाडीत झेलला जाई. घाटाच्या तोंडाशी पातालपाणी येथे तंट्या भिल्लाच्या स्थानासमोर गाडी क्षणभर थांबविण्याची आणि नमस्कार करून पुढे जाण्याची प्रथा होती. उतार सुरू होण्यापूर्वी ब्रेक तपासण्याची गरजही त्याच जागी असे. श्रद्धा आणि सुरक्षा एकाच थांब्यावर भेटत. असा थांबा कोणत्याही उपग्रहचित्रात दिसत नाही. तो माणसांनी सांगितला, तरच आभासी मार्गात येतो.

हरवणारी माहिती

या छंदाचे खरे महत्त्व येथे दिसते. २०२३ च्या आरंभी महू ते ओंकारेश्वर रोड ही मीटरगेज वाहतूक गेज परिवर्तनासाठी बंद झाली. एके काळी जयपूरहून इंदूर, खांडवा, अकोला असे करीत हैदराबादच्या काचीगुड्यापर्यंत जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच रुळांवरून धावत असे. उत्तर आणि दक्षिण भारतातील मीटरगेज जाळ्यांना जोडणारा हा दुवा होता. पातालपाणी–कालाकुंड हा तुकडा २५ डिसेंबर २०१८ पासून वारसा गाडीच्या रूपाने चालविला जात असल्याने निदान तो तरी शाबूत आहे. उरलेल्या मार्गाची रूपरेषा मात्र पुसली जाते. रूळ उखडले गेले की चढाचे दगड, किलोमीटरचे खांब, पाण्याचे स्तंभ, स्थानकांतील जादा मार्गिका यांची नोंद कोठे राहते? रेल्वेच्या दप्तरात काही नकाशे असतात, काही निवृत्त चालकांच्या आणि स्थानकप्रमुखांच्या स्मरणात असते. दप्तर जीर्ण होते आणि माणसे निघून जातात.

गोव्यात हे आपण अनुभवले आहे. मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा पोर्तुगीजकालीन मीटरगेज मार्ग १९९०च्या दशकात ब्रॉडगेज झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्णत्वाने खुली झाली. सोय वाढली, हे निर्विवाद. परंतु मीटरगेजच्या काळातील सावर्डे, कुळे, काले या स्थानकांच्या यार्डांत रूळ कसे होते, हे आज तरुण पिढीतील कोण सांगू शकेल? सिम्युलेटरमधील मार्ग हा या अर्थाने एक चालता नकाशा आहे. कागदावरचा नकाशा वळण दाखवितो. आभासी मार्ग ते वळण घेताना वेग किती ठेवावा लागे, हेही दाखवितो.

हौशी निर्मात्यासाठी

असा मार्ग करू इच्छिणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. आरंभ लहान तुकड्याने करावा. दहा किलोमीटर नीट झाले, तर शंभर होतात. शंभरापासून सुरुवात करणाऱ्यांचे बहुतेक मार्ग अर्धवट राहतात. मार्ग कोणत्या वर्षाचा, हे आधी ठरवावे, कारण वाफेचे इंजिन आणि रंगीत दिव्यांचे आधुनिक सिग्नल एकत्र आले, तर अभ्यासू माणूस तो मार्ग बाजूला ठेवतो. चढ आणि वेगमर्यादा शक्यतो रेल्वेच्याच जुन्या वेळापत्रक-पुस्तिकांतून घ्याव्यात. दुसऱ्याने केलेले इंजिनाचे किंवा इमारतीचे चित्र त्याच्या अनुमतीखेरीज वापरू नये. आणि छायाचित्रांसाठी चालू रुळांवर, बोगद्यात किंवा पुलावर कदापि उतरू नये. तो कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय जिवावर बेतणारा प्रकार आहे.

सिम्युलेटरच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. घरच्या संगणकावर घाट उतरणारा खेळाडू चालक होत नाही. रेल्वेच्या प्रशिक्षण केंद्रांतील सिम्युलेटर वेगळे असतात आणि तेथे चूक ही परीक्षेचा भाग असते. घरी चूक झाली, तर खेळ पुन्हा सुरू करता येतो. नेमक्या याच सोयीमुळे चुकीची किंमत विसरली जाते.

तरीही या छंदाने एक मोलाची गोष्ट शक्य केली आहे. जो मार्ग अद्याप पूर्ण झालेला नाही, तो आधी चालवून पाहता येतो, आणि जो कायमचा बंद झाला, तो पुन्हा चालविता येतो. धारसारख्या नगराला आपला मार्ग नकाशावर पाहण्यासाठी पिढ्या घालवाव्या लागल्या, तर महूखालच्या घाटाने दीडशे वर्षांची सेवा करून निरोप घेतला. दोन्हींची मोजमापे आज मिळवता येतात, कारण ती सांगणारी माणसे अजून आहेत. आणखी वीस वर्षांनी नवा मार्ग तर असेलच. जुन्याच्या खुणा उरतील की नाही, हे आज वही आणि मोजपट्टी घेऊन निघणाऱ्यांवर अवलंबून आहे.