कुत्र्याचा घरगुती आहार व वजनवाढ

माणसाच्या स्वयंपाकातले अन्न कुत्र्याला देण्याची रीत आणि हाडकुळ्या कुत्र्याचे वजन वाढवण्यासाठी होणारा त्याचा उपयोग. महाराष्ट्रात कुत्री पिढ्यान्‌पिढ्या ताक-भाकरी, दूध-पोळी आणि खरकट्यावर वाढली आहेत. पिठूळ अन्न त्यांना पचते. स्टार्च पचवणारे अमायलेज हे विकर बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात २, तर कुत्र्यांत ४ ते ३० प्रती असल्याचे स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले. मात्र पचणे वेगळे आणि पुरणे वेगळे. नुसत्या दूध-पोळीवरचे कुत्रे जगते, पण अंग धरत नाही. प्रथिने कमी पडतात आणि बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना दुधातली साखर न पचल्याने पातळ शी होते. नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लाला कॅल्शियम अपुरे पडून हाडे ठिसूळ होतात.

खरा धोका असतो तो फोडणीत. कांदा-लसूण शिजवला, वाळवला तरी त्याचा विषारीपणा जात नाही. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्याची लक्षणे बहुधा काही दिवसांनी दिसतात. त्यामुळे रविवारच्या मटणाच्या रश्शात कुस्करलेली भाकरी हा लाड नव्हे. द्राक्षे आणि शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडे निकामी करू शकतात. यामागे टार्टारिक आम्ल असावे, असा अलीकडचा कयास आहे. ते चिंचेतही भरपूर असते. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेली साखरविरहित च्युइंगम वर्ज्य. शिजलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे पडतात, आंब्याची कोय आतड्यात अडकते.

वजन वाढवण्याआधी कुत्रे खरोखर खंगले आहे का, हे पाहावे. बरगड्यांवरून तळहात हलकेच फिरवल्यास त्या हाताला लागाव्यात. पाठीचा कणा आणि कमरेची हाडे लांबूनच दिसली, तर ते नक्की खंगलेले. कारवानी (मुधोळ) कुत्र्याची ठेवणच सडपातळ; त्याच्या शेवटच्या एक-दोन बरगड्या दिसतातच. त्याला गुबगुबीत करण्याचा हौशी मालकांचा अट्टाहास सांध्यांना भोवतो.

खाऊनही वाळणाऱ्या कुत्र्यात आधी जंत, गोचीड-ताप, दातदुखी किंवा स्वादुपिंडाचा विकार शोधावा लागतो. दहा किलोच्या कुत्र्याला नुसते पडून राहण्यासाठीही दिवसाला सुमारे ४०० किलोकॅलरी लागतात. हिंडत्या-फिरत्याला त्याच्या दीडपट ते दुप्पट. एका पोळीतून साधारण १००, उकडलेल्या अंड्यातून ७० ते ७५ मिळतात. मऊ भात, बिनहाडाची उकडलेली कोंबडी, अंडे, लाल भोपळा आणि वरून चमचाभर तेल, सारे बिनमसाल्याचे, असे जेवण तीन-चार वेळा विभागून द्यावे. कॅल्शियमचे प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे. तूप-साय एकदम वाढवल्यास स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. अनेक दिवस उपाशी राहिलेल्या कुत्र्यापुढे पहिल्याच दिवशी भरलेले ताट ठेवणे जिवावर बेतते, कारण रक्तातले फॉस्फरस झपाट्याने उतरते. अशा कुत्र्याचा आहार आठवडा-दहा दिवसांत हळूहळू वाढवतात.

वजन घरच्या काट्यावरही करता येते: कुत्र्याला उचलून उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे. नीट खाऊनही पंधरवड्यात काटा हलला नाही, तर वाढप वाढवत बसू नये. विष्ठेचा नमुना घेऊन पशुवैद्याकडे जावे.