मीपणाचा झाडा : मराठीतील आत्मशोधपर संवादाचा रूपविचार

मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी गुरुशिष्यसंवादाकडे बहुधा एक चौकट म्हणून पाहिले आहे. तत्त्वज्ञान सांगावयाचे, ते रूक्ष वाटू नये म्हणून एक शिष्य उभा करावयाचा, त्याच्या तोंडी सोयीचे प्रश्न घालावयाचे आणि उत्तरांच्या निमित्ताने सिद्धान्त मांडावयाचा, अशी या प्रकाराची उपपत्ती लावली गेली. परिणामी ‘विवेकसिंधु’सारखा ग्रंथ आद्यत्वाच्या आणि कालनिश्चितीच्या वादात जितका चर्चिला गेला, तितका रूपाच्या अंगाने वाचला गेला नाही. त्यातील विचार तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांकडे सोपवून वाङ्मयसमीक्षा ‘ज्ञानेश्वरी’च्या काव्याकडे वळली, आणि संवाद या रूपाचा प्रश्न मधल्या मध्ये राहून गेला.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की ‘मी’ नावाची, इतर सर्वांपासून विलग अशी काही वस्तू आहे हा समजच ज्या ग्रंथांना तपासावयाचा आहे, त्यांच्या बाबतीत संवाद ही चौकट नसते. तपासणी घडते ती संवादातच. अशा ग्रंथाची अडचण मूलभूत आहे. वेगळा ‘मी’ नाही हे सांगण्यासाठी त्याला दोन वेगळे ‘मी’ समोरासमोर बसवावे लागतात. एकाने विचारावे, दुसऱ्याने सांगावे, आणि अखेरीस विचारणाऱ्याचे वेगळेपण टिकू नये. ही अडचण मराठीने कशी हाताळली, याचा आलेख येथे काढावयाचा आहे. त्याचे एक टोक बाराव्या-तेराव्या शतकातील पोथ्यांत आहे. दुसरे विसाव्या शतकातील मुंबईत, खेतवाडीच्या एका पोटमाळ्यावर.

१

प्रथम या तपासणीची रीत पाहू. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांची भेट नावाच्या प्रश्नापासून सुरू होते. नागसेन हे केवळ संबोधन आहे, त्यामागे कुणी पुद्गल सापडत नाही, हे ऐकून राजा चकित होतो. तेव्हा नागसेन त्याला तो कशात बसून आला हे विचारतो. रथात, असे उत्तर मिळताच आस, चाके, जू, दांडी यांपैकी रथ कोणता, अशी विचारणा होते. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही, की निष्कर्ष नागसेन काढून देत नाही. राजाच्याच तोंडून तो वदवून घेतो. विचारणारा उलट विचारला जातो, आणि प्रश्न त्याच्याकडे परततो.

बौद्धांच्या या अनात्मवादाशी अद्वैत वेदान्ताचा सिद्धान्त जुळत नाही. वेगळा जीव मिथ्या ठरविल्यावर वेदान्ती आत्मा नावाचे अधिष्ठान शिल्लक ठेवतो. परंतु रीत तीच आहे. शंकराचार्यांच्या ‘उपदेशसाहस्री’च्या गद्यबंधात गुरू शिष्याला तू कोण असे विचारतो. शिष्य आपले कुल आणि आश्रम सांगतो; आपण संन्यास घेतला असून संसारातून सुटू इच्छितो, असेही सांगतो. मेल्यावर देह येथेच पक्ष्यांचे भक्ष्य होईल किंवा माती होईल, मग तू तरशील कसा, असे गुरू विचारतो. आपण देहाहून निराळे आहोत, असे शिष्य म्हणतो. मग मघाशी कुळाचा पत्ता का दिलास, हा पुढचा प्रश्न असतो. शिष्य पकडला जातो तो स्वतःच्याच वाक्यात. ‘मी’ या कर्त्याला त्याने जे विधेय सहज जोडले होते, ते गळून पडते.

वेदान्ताच्या परिभाषेत या रीतीला अध्यारोप आणि अपवाद म्हणतात: प्रथम आरोप मान्य करावयाचा, मग तो मागे घ्यावयाचा. वाङ्मयाच्या दृष्टीने पाहिल्यास शिष्य हे पात्रच एक अध्यारोप ठरते. ते उभे केले जाते ते मागे घेण्यासाठी. कथात्म वाङ्मयात पात्र उत्तरोत्तर भरीव होत जाणे हा गुण मानला जातो. येथे पात्र उत्तरोत्तर रिते होत जाणे हे रचनेचे प्रयोजन आहे. हा फरक न ओळखल्यामुळेच शिष्य निर्जीव आहे, हा आक्षेप या ग्रंथांवर इतक्या सहजपणे घेतला जातो.

२

मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधु’चा काळ परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, असा मानला जातो. तो सर्व अभ्यासकांना मान्य नाही. ग्रंथाची पूर्वार्ध आणि उत्तरार्ध मिळून अठरा प्रकरणे आहेत. सृष्टीची उभारणी आणि देहाची जडणघडण सांगत सांगत गुरू शिष्याला त्या जडणघडणीच्या पलीकडे नेतो. रचना पद्धतशीर आहे, आणि तिची मर्यादाही तीच आहे. हा शिष्य अडखळत नाही, हट्ट धरत नाही. त्याचे रितेपण आधीच ठरलेले असल्यामुळे ते घडताना दिसत नाही. उपरोक्त आक्षेपात काही तथ्य असेल तर ते एवढेच.

ज्ञानेश्वरांनी ही उणीव दोन रीतींनी ओलांडली. ‘अमृतानुभवा’त त्यांनी प्रश्नकर्ता जवळजवळ काढून टाकला आणि तपासणीचा रोख खुद्द साधनांकडे वळविला. शब्दाचे खंडन, अज्ञानाचे खंडन आणि मग ज्ञानाचेही खंडन, असा हा क्रम आहे. अज्ञान घालविणारा शब्द त्याच कामात संपतो. उपदेशालाच येथे उपदेशाचा नियम लावला आहे. ‘चांगदेवपासष्टी’त त्यांनी प्रश्नकर्ता परत आणला, पण प्रश्नाविना. आख्यायिका सर्वश्रुत आहे. वयाने मोठ्या चांगदेवाला ज्ञानाने मोठ्या मुलास आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हे उमगेना. म्हणून त्याने कोरा कागद धाडला. आख्यायिकेच्या सत्यतेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिचा अर्थ मार्मिक आहे. मायना लिहिण्यासाठी मी कोण आणि समोरचा कोण हे ठरावे लागते, आणि तेच ठरत नाही. पासष्ट ओव्यांचे उत्तर हा पेच सोडवीत नाही. कोरेपणालाच विषय करते. पाहणारा, पाहिले जाणारे आणि पाहणे या त्रिपुटीची तपासणी समोरासमोर ठेवलेल्या दोन आरशांच्या प्रतिमेपर्यंत येऊन पोहोचते. एका आरशाने दुसऱ्यात पाहावे, तर कोणी कोणाला पाहिले? संवाद आणि अद्वैत यांचा विरोध येथे तर्काने मिटलेला नाही. प्रतिमेने तो धारण केला आहे.

समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’ने हीच तपासणी व्यवहाराच्या भाषेत आणली. ग्रंथ आरंभीच स्वतःला गुरुशिष्यांचा संवाद म्हणवितो. परंतु प्रत्यक्षात त्यात एक शिष्य नाही, श्रोत्यांचा समुदाय आहे. आणि हे श्रोते आशंका घेतात, आक्षेप घेतात, मागचे बोलणे पुढच्याशी जुळत नाही हे वक्त्याच्या नजरेस आणतात. तपासणीसाठी रामदास ‘तत्त्वझाडा’ हा शब्द योजतात. झाडा हा हिशेबातला शब्द. कारकुनाकडून रकमेचा झाडा घ्यावा, तसा देहाचा झाडा घ्यावयाचा: पृथ्वीचे पृथ्वीला, आपाचे आपाला, अंतःकरणाचे अंतःकरणाला. अशी पंचवीस तत्त्वे ज्याच्या त्याच्या खाती जमा केली, की ‘मी’च्या खाती काय उरते, हा प्रश्न राहतो. स्थूल, सूक्ष्म, कारण, महाकारण या चार देहांचा निरास ह्याच झाड्याचा विस्तार होय. वेगळेपणाचा भ्रम हा येथे पापाचा विषय नाही. ती हिशेबातली चूक आहे. म्हणून तिच्यावर प्रायश्चित्त नाही. फेरतपासणी आहे.

३

आतापर्यंत पाहिलेले मराठी संवाद रचिलेले आहेत. परंतु मराठीत संवादाची दुसरीही परंपरा तितकीच जुनी आहे, आणि ती नोंदीची आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते चक्रधरांचे बोलणे ज्यांनी ऐकले त्यांना गाठून, विचारून. कोण म्हणाले, कोठे म्हणाले, काय चालले असता म्हणाले, हे तपशील तेथे प्रमाणाचा भाग आहेत. पाठ भिन्न असतील तर ती भिन्नताही जपली गेली आहे. मूळ प्रत नष्ट झाल्यावर ग्रंथ आठवणीतून पुन्हा उभा केला गेला, हे ध्यानी घेतले म्हणजे या नोंदीमागील निष्ठा कळते.

महानुभावांचे तत्त्वज्ञान अद्वैती नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर ते परस्परांहून नित्य भिन्न मानतात. तेव्हा विलग ‘मी’चा निरास त्यांच्या संवादात शोधणे चूक ठरेल. परंतु रूपाच्या इतिहासात त्यांचे स्थान निर्णायक आहे. ‘लीळाचरित्रा’तील बाइसा किंवा भटोबास विचारतात तेव्हा त्यांना स्वभाव असतो, ते रुसतात, चुकतात, पुन्हा विचारतात. रचिलेल्या संवादात जे हरवले होते ते, म्हणजे प्रश्नकर्त्याचा प्रतिकार, नोंदलेल्या संवादात मिळते. दुसरी गोष्ट भाषेची. केशिराजादी पंडितांनी संस्कृतात विचारले असता नागदेवाचार्यांनी, आपल्याला श्रीचक्रधरांनी मराठीत निरूपिले आहे, तेव्हा त्याच भाषेत विचारा, अशा आशयाचे उत्तर दिल्याची ‘स्मृतिस्थळा’ची साक्ष आहे. गुरूचे बोलणे ज्या भाषेत उमटले त्या भाषेपासून ते अलग करता येत नाही, ही या परंपरेची धारणा होती.

४

रचिलेल्या संवादाचा आशय आणि नोंदलेल्या संवादाचे रूप विसाव्या शतकात एकत्र आले. मारुती शिवरामपंत कांबळी, म्हणजेच निसर्गदत्त महाराज (१८९७-१९८१), यांचे बालपण कोकणात, कांदळगावी गेले. पुढे मुंबईत त्यांनी विडीचे दुकान चालविले. १९३३ मध्ये त्यांना सिद्धरामेश्वर महाराजांचे मार्गदर्शन लाभले. इंचगिरीच्या ज्या संप्रदायात सिद्धरामेश्वर होते, त्याचे प्रवर्तक उमदीचे भाऊसाहेब महाराज. ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ (१९३३) लिहिणारे गुरुदेव रा. द. रानडे हेही भाऊसाहेबांचेच शिष्य. या संप्रदायात ‘दासबोध’ नित्य वाचनाचा ग्रंथ आहे, आणि सिद्धरामेश्वरांच्या निरूपणातील चार देहांचा निरास ‘दासबोधा’च्या तत्त्वझाड्याशी थेट नाते सांगतो. ही निरूपणे निसर्गदत्तांनी मराठीत टिपून घेतली होती व ती ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाली.

खुद्द निसर्गदत्तांच्या संवादांचे भाग्य वेगळे. खेतवाडीतील घराच्या पोटमाळ्यावर भेटीस येणाऱ्यांत परदेशी जिज्ञासू वाढत गेले. ते इंग्रजीत विचारीत, महाराज मराठीत उत्तर देत, मध्ये दुभाषा असे. ध्वनिमुद्रणांवरून मॉरिस फ्रीडमन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९७३ मध्ये मुंबईच्या ‘चेतना’ने ‘आय ॲम दॅट’ या नावाने प्रसिद्ध केला. संपादन सुधाकर दीक्षित यांचे. फ्रीडमन पोलंडचे, औंध संस्थानातील स्वराज्याच्या प्रयोगाशी त्यांचा निकट संबंध होता आणि रमण महर्षींच्या सान्निध्यातही ते राहिले होते.

या पुस्तकातील एकशे एक संवाद वाचताना जाणवते ते असे, की येथील प्रश्नकर्ता ‘विवेकसिंधु’तील शिष्य नव्हे. तो प्रतिवाद करतो. जगातील दुःखाचे काय, असे विचारतो. उत्तर पटले नाही तर तेच दुसऱ्या बाजूने मांडतो. महाराज बहुधा प्रश्नाला उत्तर देत नाहीत. प्रश्न कोणाला पडला, याकडे बोट दाखवितात. नागसेनाने राजाला रथाकडे वळविले, आचार्यांनी शिष्याला त्याच्याच वाक्याकडे वळविले, तीच ही रीत. फरक असा, की समोरचा येथे खरोखर अडून बसला आहे. जो रितेपणा मुकुंदराजांच्या ग्रंथात गृहीत होता, तो येथे घडावा लागतो, आणि पुष्कळदा घडतही नाही. ते न घडणेही नोंदले गेले, हे या संहितेचे वाङ्मयीन मोल होय.

तथापि दोन गोष्टी हिशेबात धरल्या पाहिजेत. पहिली, अनेक माणसांचे प्रश्न या पुस्तकात ‘प्रश्नकर्ता’ या एकाच निनावी संज्ञेखाली आले आहेत. विचारणाऱ्याचे नाव गळणे हे या परंपरेला शोभणारे खरे. परंतु येथे ते शोधाने गळलेले नाही, संपादनाने गळले आहे. बाइसांचे नाव जपणाऱ्या म्हाइंभटांनी हे केले नसते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. इंग्रजी वाचकासमोर ‘कॉन्शसनेस’ हा शब्द येतो, तेव्हा त्यामागे मूळ बोलण्यात जाणीव होती, चैतन्य होते की ज्ञान होते, हे इंग्रजी पृष्ठावरून कळत नाही. मराठी अद्वैताच्या इतिहासात हे तीन शब्द तीन निरनिराळी कामे करतात. जाणिवेला नेणिवेचे जोडपण आहे, आणि ज्ञान तर ‘अमृतानुभवा’त खंडनाचा विषय झाले आहे. झाडा घ्यावयाचा तर रक्कम कोणत्या खात्यातली, हे आधी कळावे लागते.

पुस्तक पुढे मराठीतही आले. पण मराठीत उच्चारलेले वाक्य इंग्रजीत ऐकू येऊन जगभर पोहोचावे आणि मराठी समीक्षेने त्याची दखल स्वतःच्या वाङ्मयाचा भाग म्हणून घेऊ नये, हे आश्चर्य आहे. गुरूची टिपणे मराठीत घेणारा हा शिष्य स्वतः मुख्यतः अनुवादातून ओळखला जातो; आणि नागदेवाचार्यांचा आग्रह ज्या भाषेच्या आरंभीच्या गद्यात नोंदला गेला, त्याच भाषेत हे घडले. दोष फ्रीडमन यांचा नाही. त्यांच्यावाचून हे बोलणे इतके दूर गेलेच नसते. दोष असेल तर तो तत्त्वज्ञान एका कपाटात आणि वाङ्मय दुसऱ्या कपाटात ठेवणाऱ्या आपल्या इतिहासलेखनाचा आहे.

म्हाइंभटांनी चक्रधरांच्या बोलण्यासाठी जे केले, ते खेतवाडीच्या बोलण्यासाठी करणे म्हणजे उपलब्ध ध्वनिमुद्रणांची मराठी संहिता पाठभेदांसह, विचारणारा आणि दुभाषा यांच्या नोंदीसह सिद्ध करणे होय. त्यात भक्तीचा प्रश्न नाही आणि सिद्धान्त मान्य असण्याचाही नाही. वेगळा ‘मी’ खरा की भ्रम, याचा निवाडा समीक्षेने करावयाचा नसतो. तो प्रश्न मराठीत आठशे वर्षे कसा विचारला गेला, विचारणाऱ्याचे त्यात काय झाले आणि विचारताना भाषेचे काय झाले, एवढे मात्र तिने पाहावयास हवे. मीपणाचा झाडा ज्या शब्दांनी घेतला गेला, त्या शब्दांचा झाडा देणे हे तिचे काम आहे.